फक्त पित्ताचा त्रास

माझं माहेर हर्णैजवळचं. आठ-नऊ वर्षांची असताना आईने मला मासे साफ करायला बसवलं. खवले, पर, कल्ले झाले की पोटाला चीर द्यायची आणि आतलं सगळं बोटाने अलगद ओढून काढायचं. अलगद अशासाठी, की त्या गिचक्यात काळजाला बिलगून एक हिरवा-काळा थेंब असतो. "पित्त फुटू देऊ नको, सगळं कालवण कडू होईल," असं आई दर वेळी म्हणायची. एकदा मोठ्या माशाचं माझ्याकडून फुटलं. सात पाण्यांनी धुतला तरी त्या बाजूच्या तुकड्यांचा कडूपणा गेला नाही. वडिलांनी ते मुकाट्याने खाल्ले.

म्हणजे पित्त कुठे असतं, कसं दिसतं आणि चवीला कसं लागतं, हे मला लहानपणीच ठाऊक झालं होतं. पण फक्त माशाचं.

माणसाचं पित्त म्हणजे आमच्या घरात वाटेल ते. उन्हातून आल्यावर डोकं दुखून उलटी झाली, तर पित्त. रात्री जागरण झालं आणि सकाळी घशाशी आंबट आलं, तर पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि त्यावर आमसुलाचं पाणी. सासरे चिडले की सासूबाई म्हणायच्या, "आज पित्त खवळलंय." या सगळ्याला एकच शब्द आणि त्यावर ठरलेले दोन-चार उपाय: मोरावळा, सुंठ-साखर, थंड दूध, नाहीतर केमिस्टकडची सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी. त्यामुळे 2011 च्या सुमाराला मला रात्रीचं जे दुखायला लागलं, त्याला नाव शोधावं लागलंच नाही.

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोजच्या पोळ्या तीनशेच्या वर, सणाला वेगळ्या ऑर्डरी. दिवसभर उभ्याने काम आणि जेवण रात्री दहानंतर, जे उरलं असेल ते. मग एक-दीड वाजता जाग यायची. उजव्या बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं वाटायचं, आणि ती कळ पाठीत, खवाट्यापर्यंत जायची. कुशीवर झोपवत नाही, उताणं झोपवत नाही, बसवत नाही. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचे. दोन-तीन तासांनी उलटी व्हायची किंवा न होताच कळ सुटायची, आणि साडेपाचला कणीक मळायला मी पुन्हा उभी. वर्षातून तीन-चारदा असं व्हायचं. घरात कोणी विचारलं तर म्हणायचे, "काल पित्त झालं होतं."

2016 मध्ये पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली. गर्भाशयात विशेष काही निघालं नाही, पण रिपोर्टात पित्ताशयात बरेच खडे आहेत, मोठा नऊ मिलिमीटरचा, असं लिहिलं होतं. तो कागद घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "याचा काही त्रास होतो का? पोटात दुखतं?"

मी म्हटलं, "नाही हो, तसं काही नाही. फक्त पित्ताचा त्रास आहे."

त्यांनी मान डोलावली. कागदावर 'लक्षणं नाहीत' असं लिहिलं आणि सांगितलं, की त्रास देत नसतील तर असल्या खड्यांना हात लावत नाहीत, अनेकांना आयुष्यभर असतात आणि कळतही नाही. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं, हे मला नंतर कळलं. न बोलणाऱ्या खड्यांचं ऑपरेशन सहसा करत नाहीतच. माझे खडे मात्र पाच वर्षं बोंबलत होते आणि मी त्यांच्या वतीने 'काही नाही' म्हणून आले. डॉक्टरांनी तो 'पित्ताचा त्रास' म्हणजे नक्की काय, कुठे, किती वाजता, एवढं विचारायला हवं होतं का? हवं होतं. पण त्यांनीही तो शब्द माझ्यासारखाच लहानपणापासून ऐकलेला.

खडे आहेत म्हटल्यावर धाकट्या नणंदबाईंनी पानफुटीचं रोप आणून दिलं. "रोज दोन पानं चावून खा, वहिनी. आमच्या ह्यांचा खडा पडून गेला." त्यांच्या यजमानांचा मूतखडा होता. लघवीची वाट वेगळी आणि पित्ताची वेगळी, पित्ताशयातला खडा लघवीतून पडणं शक्यच नाही, हे ना त्यांना माहीत होतं ना मला. मी वर्षभर पानं खाल्ली. रोप मात्र छान फोफावलं, अजून आहे.

2022 ची होळी. दोन वर्षांच्या कोविडनंतरचा तो पहिला मोकळा सण, पुरणपोळीची ऑर्डर सहाशेवर गेली. रात्री अकराला शेवटचा डबा गेल्यावर मी दोन फाटलेल्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. रात्री नेहमीची कळ आली, पण या वेळी तीन तासांत सुटली नाही. सकाळपर्यंत ठणका होता, आणि पुढचे दोन दिवस अन्नाचा वाससुद्धा नकोसा झाला.

माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना आधी दिसलं. दुकानात ट्यूबलाइट असते, तिच्यात कळत नव्हतं. शटर वर केलं, उजेड माझ्या तोंडावर पडला, आणि त्या म्हणाल्या, "ताई, डोळं पिवळं दिसत्यात तुमचं." माझे तळवे तर बारा महिने हळदीने पिवळेच, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. शौचाला मात्र उलटं, पांढुरकं, ओल्या शाडूसारखं. आणि खाज. खाजेबद्दल कोणी सांगत नाही. पुरळ नाही, गांधी नाहीत, पण तळहात-तळपाय आतून खाजतात. रात्री मी पाय पाटाच्या कडेवर घासत बसायचे.

कावीळ झाली म्हटल्यावर घरात डॉक्टरांचं नाव दुसरं निघालं. पहिलं निघालं माळेचं. कल्याणच्या पुढे एका खेड्यात एक गृहस्थ कावीळ उतरवतात, सासूबाईंच्या माहेरची निम्मी माणसं तिथे बरी झालेली. रविवारी गेलो. ओसरीवर वीसेक माणसं बसलेली. माझ्या हातांना त्यांनी कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. "बघा, किती उतरली!" मग डोक्यावर काड्यांच्या तुकड्यांची एक छोटी माळ ठेवली. ती वाढत वाढत गळ्यात येईल, पुढे कमरेपर्यंत उतरेल, तसतशी कावीळ उतरेल. पैसे मागितले नाहीत, नारळ ठेवायला सांगितला. त्या माणसाच्या मनात काही पाप होतं असं मला आजही वाटत नाही.

माळ खरंच वाढली. तिसऱ्या दिवशी गळ्यात आली. मुलीने कॉलेजात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा कार्यक्रम पाहिला होता, तिने मला ती माळ हातात घेऊन दाखवली: ओल्या काड्या सैल फासांत बांधलेल्या असतात, सुकल्या की आकसतात, फास ढिले पडतात, अडकलेला दोरा सुटतो आणि माळ लांबते. पाण्याचं पिवळं होणं हा हाताला चोळलेला सालीचा रस आणि चुना यांचा खेळ. शिवाय बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंच्या असतात. त्या काही आठवड्यांत आपल्या आपणच ओसरतात, आणि श्रेय माळेला मिळतं. माझी कावीळ त्या जातीची नव्हती. माझी माळ वाढत होती आणि कावीळही.

चौथ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. मार्चचा शेवट, डोंबिवलीतली दुपार, अंगावर दोन गोधड्या, आणि दात वाजतायत. ताप एकशे तीन. ह्यांनी माळ कापून टाकली आणि रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. बिलिरुबिन 11.2 निघालं, जे साधारण एकच्या आसपास असायला हवं. पोटविकारतज्ज्ञ तरुण होते, मला काकू म्हणायचे. त्यांनी केस पेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी, तिच्यात जेमतेम चाळीस-पन्नास मिलिलिटर मावतं. आपण तुपातलं काही खाल्लं की ती आवळते आणि साठलेलं दाट पित्त नळीवाटे आतड्यात सोडते. तोंडाशी खडा अडकला असेल तर आवळताना कळ येते. रात्री एक वाजताची माझी मूठ ती हीच. आता त्यातला एक खडा पिशवीतून निसटून मुख्य नळीत उतरला होता आणि आतड्याच्या तोंडाशी बुचासारखा बसला होता. नळी सहा-सात मिलिमीटरची असते, माझी बारा झाली होती. पित्ताला पुढे वाट नाही, म्हणून ते मागे रक्तात. शौचाला रंग येतो तो पित्तानेच, म्हणून तिकडे पांढरं आणि लघवीत चहा. तुंबलेल्या नळीत जंतू वाढले होते, ताप त्याचा.

"हे आधी मोकळं करायचं. पिशवीचं नंतर बघू."

तीन दिवस 'के' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. पित्त आतड्यात उतरलं नाही तर हे जीवनसत्त्व अंगात शोषलं जात नाही, आणि मग रक्त लवकर गोठत नाही. मग ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या पुढे, आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जातात, नळीच्या तोंडाला बारीक छेद देतात आणि फुगा आत सरकवून, फुगवून, खडा ओढून आतड्यात सोडतात. सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत. मला गुंगी दिली होती, काही आठवत नाही. जाग आल्यावर घसा खरवडल्यासारखा झाला होता, आणि पुढच्या काही दिवसांत शौचाला रंग आला. त्याचा केवढा आनंद झाला, कसं सांगू. मी ह्यांना बोलावून सांगितलं. ह्यांनीही तो आनंद योग्य त्या गांभीर्याने घेतला.

पुन्हा तुंबू नये म्हणून नळीत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला होता. हे मला सांगितलं असणार. मी 'बरं' म्हटलं असणार.

जळजळ ओसरू दे, मग पिशवी काढू, असं ठरलं. मे महिन्याची तारीख मिळाली. मधल्या काळात 'पिशवी काढायचीय' म्हटलं की बायका आवाज खाली आणून विचारायच्या, "पाळीचा त्रास का गं?" आमच्याकडे पिशवी म्हणजे एकच. कंटाळून मी हो म्हणायला लागले.

आणि विमा कंपनीचं पत्र आलं. पॉलिसी 2019 ची. आम्ही फाईलला भक्तिभावाने 2016 चा सोनोग्राफी रिपोर्टही लावला होता. खडे पॉलिसीच्या आधीपासूनचे म्हणून कॅशलेस नामंजूर. 'लक्षणं नाहीत' लिहिलेला कागदही सोबत होता, पण तो कोणी वाचला नाही. पुढे दाद मागून अर्धेमुर्धे पैसे मिळाले. त्या पत्रव्यवहाराचं वेगळं पुराण होईल.

सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या मामीचं हेच ऑपरेशन 1986 मध्ये झालेलं मी पाहिलं होतं. उजव्या बरगडीला समांतर वीतभर व्रण, दहा-बारा दिवस दवाखाना, वर्षभर कळशी उचलायची नाही. मी ते सांगितल्यावर सर्जन म्हणाले, की चारच वर्षं थांबायला हवं होतं मामींनी. 1990 मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडियांनी जे. जे. मध्ये पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, ते भारतातलं पहिलं. मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं, की माझं साधं नाही. इतक्या वर्षांच्या सुजेने आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. पित्ताशयाच्या मानेपाशी एक त्रिकोण असतो. तिथली चरबी सोडवून, पित्ताशयात जाणारी एक नळी आणि एक रक्तवाहिनी अशा दोनच गोष्टी डोळ्यांना स्वच्छ दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा नियम. चुकून मुख्य नळी कापली गेली तर ते आयुष्यभराचं दुखणं. "नाही दिसलं तर पोट उघडेन. किंवा मानेचा भाग तसाच ठेवून बाकीचं काढेन. अर्धवट सोडलं असं मनात आणू नका." सही करताना मी विचारलं, पित्ताशयाशिवाय चालतं का? "घोड्याला नसतं. हत्तीलाही नसतं."

दुसरंच झालं, मानेचा भाग ठेवावा लागला. चार भोकं, पावणेतीन तास. जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चुरचुरतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. ह्यांना खडे एका प्लास्टिकच्या डबीत दिले होते. एकतीस. मी मोजले. पिवळट-तपकिरी, कोपरे घासून गुळगुळीत झालेले, भाजलेल्या चणाडाळीसारखे.

कुशीतून एक नळी बाहेर काढून पिशवीला जोडलेली होती, ड्रेन. दुसऱ्या दिवशी तिच्यात पिवळं उतरायला लागलं. सर्जनांनी वाकून बघितलं. "पित्त गळतंय थोडं. स्टेंट आहे आत, वाट मोकळी आहे, बंद होईल." मला ती नळी घेऊनच घरी सोडलं.

घरी ह्यांनी वही केली. रोज सकाळी सातला पिशवीची तोटी उघडून स्टीलच्या वाटीत काढायचं, मापाच्या कपात ओतायचं आणि लिहायचं. 180. 240. दुसऱ्या दिवशी वाढलं म्हणून दोघंही घाबरलो. 190. 150. तो कप माझ्या केंद्रातला तेल मोजायचा, पुन्हा दुकानात नेला नाही. पहिल्या सकाळी मी तो हातात घेऊन खिडकीशी धरला. सोनेरी, किंचित हिरवट, करडईच्या तेलापेक्षा पातळ. कपाच्या कडेला फेस. वास फारसा नाही. अकरा वर्षं मी ज्याच्या नावाने गोळ्या खाल्ल्या, ते हे. तोपर्यंत मी ते फक्त माहेरी, माशाच्या पोटात पाहिलं होतं.

ड्रेसिंगला गेले तेव्हा सर्जनांना विचारलं, "मग घशाशी आंबट येतं ते?"

"ते आम्ल. जठरातलं. आंबट असेल ते आम्ल, कडू असेल ते पित्त. आपल्याकडे दोघांनाही पित्तच म्हणतात, त्यामुळे माझी अर्धी ओपीडी चुकीच्या गोळ्या खाऊन येते." त्या माणसाचं मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

90. 60. 20. अकराव्या दिवशी वाटी कोरडी राहिली. नळी काढली तेव्हा पोटातून साप ओढून काढल्यासारखं वाटलं, एक सेकंदभर. काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल आला: जुनी सूज, बाकी काही नाही. तो 'बाकी काही नाही' वाचेपर्यंत ह्यांनी श्वास धरून ठेवला होता, हे त्यांनी मला दिवाळीत सांगितलं.

जूनच्या मध्यावर मी केंद्रात परतले. तुपाचं खाल्लं की पहिले काही आठवडे पोट पळायचं. आता पित्त साठत नाही, यकृतातून थेट थेंबथेंब उतरतं, त्याची सवय व्हायला वेळ लागला. गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी वहीत उतरायला लागल्या. मी बरी झाले होते.

विम्याची दाद मागायला सगळे कागद पुन्हा स्कॅन करताना मुलीने डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. बारीक इंग्रजीत, औषधांच्या यादीखाली: स्टेंट सहा आठवड्यांनी काढणे. "आई, हा काढला का?"

तारीख होती ऑगस्टची सहा. स्टेंट घातला होता मार्चच्या शेवटी. हॉस्पिटलमधून कोणाचा फोन आला नव्हता. पोटविकारतज्ज्ञांना वाटलं सर्जन सांगतील, सर्जनांना वाटलं त्यांनी सांगितलं असेल, आणि ते कार्ड आम्ही दोघांनी प्लास्टिकच्या फाईलीत जपून ठेवलं होतं. प्लास्टिकचा स्टेंट तीनेक महिन्यांत गाळाने बुजायला लागतो, आणि बुजला की पुन्हा तीच कावीळ, तीच हुडहुडी. माझं नशीब, अजून आलेली नव्हती.

सोमवारी सकाळी गेले. या वेळी गुंगी घेतली नाही, घशात बधिर करायचा फवारा मारला आणि कुशीवर झोपवलं. ओकाऱ्यांशिवाय फार काही नाही. पाच-सात मिनिटांत डॉक्टरांनी दुर्बिणीबरोबर तो बाहेर ओढला आणि ट्रेमध्ये ठेवला. बोटाएवढी लांब निळी नळी, दोन्ही टोकांना माशाच्या परांसारखे छोटे पंख, आणि आतून काळपट-तपकिरी गाळाने जवळजवळ भरलेली. मी ती बराच वेळ बघत होते. "थोडक्यात वाचलात," असं ते म्हणाले नाहीत. नर्स म्हणाली.

डॉक्टर हातमोजे काढून टेबलाशी बसले, कागद पुढे ओढला. "आता काही त्रास, काकू?"

"नाही. फक्त पि..." म्हणाले आणि थांबले. घसा अजून बधिर होता, जीभ जड. मी बोट छातीच्या मधोमध ठेवलं. "इथे. आंबट. जेवून लगेच आडवी झाले तर. पाठीत जात नाही."

त्यांनी तसंच लिहून घेतलं.